पिशवी काढायची घाई नको: गर्भाशयमुखाच्या कर्करोगात या चुका टाळा

अंगावरून पांढरं जातंय, संबंधानंतर डाग पडतो, पाळी जाऊन वर्षं लोटली तरी रक्त दिसतं. अशा वेळी 'पिशवीच काढून टाक, कटकट संपेल' असं घरातलंच कुणीतरी सांगतं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पिशवीच्या तोंडाशी कर्करोग असेल, तर साध्या ऑपरेशनात भोवतालच्या पेशी आणि लसिका गाठी आतच राहू शकतात. रिपोर्ट नंतर हातात पडतो आणि मग रेडिएशन किंवा दुसरं, पहिल्यापेक्षा अवघड ऑपरेशन करावं लागतं. म्हणून आधी स्पेक्युलम (योनी उघडून धरणारं साधन) लावून तपासणी, पॅप (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन तपासणं) किंवा एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणी, संशय आला तर बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका. सुरुवातीचा कर्करोग तिच्यात दिसत नाही.

पॅप पाळीत करू नका. आधीचे दोन दिवस संबंध नकोत, योनीत ठेवायच्या गोळ्याही नकोत. स्लाइड लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायला हवी. हवेत सुकली की पेशी फुगतात आणि रिपोर्टवर भरवसा राहत नाही. व्हिनेगरच्या (३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड) तपासणीत पूर्ण एक मिनिट थांबावं लागतं. पाळी गेलेल्या बाईत तपासायचा भाग आत सरकलेला असतो, त्यामुळे तिथं ही तपासणी फसते. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे, पण पुढची तपासणी टाळू नका.

डोळ्याला गाठ किंवा जखम दिसत असताना नॉर्मल पॅपवर थांबणं घातक आहे. गाठीच्या वरच्या थरात मेलेल्या पेशी, रक्त आणि पू असतो, कर्करोगाच्या खऱ्या पेशी हातीच लागत नाहीत. तुकडा थेट गाठीच्या कडेचा घ्यावा, सडलेल्या मधल्या भागाचा नको.

छोट्या तुकड्यावरून कर्करोग किती खोल गेलाय हे ठरवणं ही आणखी एक चूक. ३ मिलिमीटरपर्यंत खोली असेल तर टप्पा आयए१, ३ ते ५ पर्यंत आयए२. हे ठरतं कोन बायोप्सीवर (पिशवीच्या तोंडाचा शंकूच्या आकाराचा तुकडा काढून तपासणं), आणि तो कोन शक्यतो अखंड हवा. आयए१ असेल, रक्त-लसिका वाहिन्यांत पेशी नसतील आणि कडा स्वच्छ असतील, तर मूल हवं असलेल्या बाईचं त्या कोनवरच भागतं. पिशवी काढायची गरज नाही. हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, कारण तरुण बायकांचा त्यात फार तोटा होतो.

मोठ्या ऑपरेशनची वेळ आली तर दुर्बिणीनं की पोट उघडून, हे विचारा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुर्बिणीच्या रॅडिकल (पिशवीसोबत भोवतालचा भागही काढणाऱ्या) ऑपरेशननंतर रोग परतण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं.

रेडिएशन लागलं तर सगळं आठ आठवड्यांत संपवा. गळीत हंगाम असो वा जोतिबाची यात्रा, मध्ये खंड नको. रक्त थांबलं म्हणून शेवटची ब्रेकीथेरपी (आतून दिलं जाणारं रेडिएशन) सोडू नका. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा दुसरीकडे जाताना रेशनकार्ड आणि आधारसोबत जुन्या स्लाइड आणि काढलेला तुकडा जपलेले मेणाचे ब्लॉकही न्या. नुसत्या रिपोर्टवर खोली पुन्हा मोजता येत नाही.