पुंगळी बघितल्याशिवाय बोल्ट ओढू नका

अमेरिकेत शिकारी बंदुकांच्या दुरुस्तीचं काम शिकायला घेतलंत की हरणांच्या शिकारीच्या मोसमाच्या तोंडावर रेमिंग्टन 742 टेबलावर येणारच. 1960 ते 1980 या काळात बनलेली ही गॅसवर चालणारी (बाराच्या गॅसच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप भरणारी) सेमी-ऑटोमॅटिक रायफल अजूनही कित्येक घरांत आहे. गिऱ्हाईक एवढंच सांगतं, "अडकते." नेमकं काय अडकतं, ते तुम्हालाच शोधायचं असतं.

नळी सुरक्षित दिशेला ठेवा. चाप ओढूनही बार झाला नसेल तर निदान 30 सेकंद थांबा. मग मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, पण बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) खेचण्याआधी आत काय दिसतंय त्याचा फोटो घ्या. बोल्ट खेचलात की पुरावा गेला.

काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी बाहेर पडली, पण नवं काडतूस वर आलं नाही, तर बोल्ट पुरता मागे जात नसेल किंवा मॅगझिनची स्प्रिंग थकली असेल. यावर सोपी चाचणी आहे. रेंजवर मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून बार काढा. बोल्ट मागे अडून उघडा राहिला तर तो पुरता मागे जातोय, म्हणजे आता मॅगझिन तपासा. काडतुसाचं टोक खाली जाऊन पुढच्या भिंतीवर आपटत असेल तर मॅगझिनच्या ओठांकडे, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांकडे बघा. ते पकडीने वाकवत बसू नका, चांगलं मूळ मॅगझिन लावून फरक पाहा. स्वस्तातल्या नकली मॅगझिनवर माझा अजिबात भरवसा नाही.

आता खरा सापळा. पुंगळी चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागीच राहते, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा बोल्टवरचा आकडा) तिची कड कुरतडून सुटतो आणि मागून येणारं काडतूस तिच्यावर आदळतं. नवशिक्याला वाटतं, गॅस कमी पडतोय. नळी तर आरशासारखी चकचकीत दिसत असते! पण .30-06 या काडतुसाच्या रायफलीची नळी आतून 7.62 मिमी, आणि चेंबर बुडाशी जवळजवळ 12 मिमी. तोंडाकडून घातलेला नळीचा ब्रश चेंबरच्या भिंतीला टेकतसुद्धा नाही. या रायफलीत मागून सरळ सळई जात नाही, त्यामुळे चेंबर वर्षानुवर्षं तसंच राहतं. कार्बन साचतो, त्याखाली ओल धरते, गंजाचे बारीक खड्डे पडतात. बार होताना पितळ फुगून त्या खड्ड्यांत दाबलं जातं. मग बोल्ट कितीही जोरात ओढो, पुंगळी सुटत नाही.

म्हणून आधी चेंबरचाच वेगळा ब्रॉन्झ ब्रश आणि लवचिक सळई आणा. सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं मुरू द्या, ब्रश गोल फिरवा, कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसा. शेवटी चेंबर कोरडं करा. तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर जास्त दाब येतो. रिकामी पुंगळी उजेडात फिरवून बघा: अंगावर खरखरीत ठिपके किंवा ओरखडे दिसले तर दोष चेंबरचाच.

नळीतून बोल्टकडे गॅस नेणारं भोक मोठं करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, मग तो कितीही जुना उस्ताद असो. जास्त गॅस म्हणजे बोल्टचा वेग जास्त, आणि 742 ची दुखरी जागा तीच आहे. निदान होण्याआधी ड्रिल हातात घेणाऱ्याकडे काम शिकू नये, हे माझं ठाम मत आहे.

घाबरू मात्र नका. चेंबर नीट साफ झालं की पुष्कळ रायफली एकही भाग न बदलता चालू लागतात. गिऱ्हाईक घरी भरलेली काडतुसं वापरत असेल तर .30-06 च्या काडतुसाची एकूण लांबी 84.84 मिमीच्या आत आहे ना ते मोजा, आणि पुंगळ्या पूर्ण लांबीच्या डायमधून (पुंगळी पुन्हा मापात दाबणाऱ्या साच्यातून) काढल्यात का ते विचारा. नुसती पुंगळीची मान (तोंडाकडचा अरुंद भाग) दाबून सेमी-ऑटोमॅटिकमध्ये भागत नाही.

रायफल परत देण्याआधी बोल्ट काढून रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या) आतल्या रुळांवरून नख फिरवा. बोल्टच्या दातांनी तिथे खळगे पाडले असतील आणि नख त्यांत अडकत असेल, तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा की हे घासून दुरुस्त होत नाही आणि ही रायफल आता चालवायची नाही.