मिठाला पाणी सुटतं तिथे गोंद कसा टिकेल? कॉस्प्लेवाल्यांनो, या चुका टाळा

रत्नागिरीत एका हॉलमध्ये विज्ञानकथा आणि फँटसीवाल्यांचं दिवसभराचं कॉन, म्हणजे संमेलन, भरतं. लोक आवडत्या पात्राचा वेश करून येतात, तोच कॉस्प्ले, आणि तिथे मी वेश दुरुस्तीच्या टेबलावर बसते. टेबलावर दोन कात्र्या, हीट गन, सेफ्टी पिनांचं पुडकं, काळा दोरा आणि माझा चहा. दहा वाजले की पहिला गिऱ्हाईक खांदा हातात घेऊन येतो. म्हणजे चिलखताचा खांदा. मग संध्याकाळपर्यंत तेच: गोंद सुटला, रंग चिकट राहिला, पट्टा तुटला. माणसं दरवर्षी नवी, चुका त्याच.

"पण व्हिडिओत तर पाच मिनिटांत चिकटतं!"

हे वाक्य मला आता झोपेतही ऐकू येतं. अरे, तो व्हिडिओवाला बसलाय कोरड्या हवेच्या गावात, एसीच्या खोलीत. तू बसलायस मालवणात पडवीवर, जिथे मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात.

चिलखतं ज्याची बनवतात त्या ईव्हीए फोमला, म्हणजे रबरासारख्या हलक्या स्पंजाला, चपला दुरुस्त करणारे वापरतात ते पिवळं सोल्यूशन लागतं. ते दोन्ही बाजूंना लावायचं, सुकू द्यायचं आणि मगच दाबायचं. त्यातलं द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो. हवा दमट असली की त्या गार पृष्ठभागावर पाण्याचा इतका पातळ थर धरतो की डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही दाबता, चिकटल्यासारखं वाटतं, पण मधे पाणी असतं.

मला हे कुणी शिकवलं नाही, फजितीने शिकवलं. माझं पहिलं मोठं कॉन मुंबईत, डिसेंबरात. निघायच्या आदल्या रात्री कुडाळला आमच्या खळ्यात बल्ब लावून मी छातीचं कवच चिकटवत होते. दहिवर पडत होतं, आई दोनदा म्हणाली, "गे, घरात ये." मला घाई. पाच मिनिटं थांबले, दाबलं, छान बसलं. दुसऱ्या दिवशी कोकणकन्येत खालच्या बर्थखाली ते सरकवलं आणि रात्रभर निर्धास्त झोपले. मुंबईत स्टेजच्या तिसऱ्या पायरीवर डावा खांदा सुटला. मग केळीचे सोप सुटावेत तसा एकेक थर. दोन्ही काखा घट्ट दाबून, कोंबडीसारखी, मी कशीबशी स्टेज ओलांडलं. परीक्षकांना वाटलं, पात्राची चालच तशी आहे.

आता माझा नेम ठरलेला आहे. चिकटवायचं ते भर दुपारी, घरात, खिडक्या उघड्या आणि पंखा चालू. त्या वासाने डोकं धरतं, तेव्हा दार बंद करून शूरपणा नको. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. बोटाच्या मागच्या बाजूने हात लावून बघायचा. तार सुटली तर अजून थांबायचं. वास गेल्यावर हेअर ड्रायरची ऊब द्यायची, मधून कडेला दाबत जायचं, आणि रात्रभर त्याला हात लावायचा नाही. पाऊस लागला की मी फोमला शिवतच नाही. जून ते सप्टेंबर फक्त शिवणकाम. ज्यांना पंधरा मिनिटं थांबवत नाही त्यांनी तयार टी-शर्ट घालून यावं, तोही वेश चांगला दिसतो.

सुपरग्लू हा घाईवाल्यांचा दुसरा देव. तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, म्हणून आपल्याकडे तुकडे जुळवायच्या आत बसतो, आजूबाजूला पांढुरकी बुरशी आल्यासारखा डाग सोडतो आणि फोम वाकला की काचेसारखा तडकतो. बोटाला चिकटतो तेव्हा मात्र पक्का.

हेल्मेट गाडीत ठेवून जेवायला जाणं

चिपळूणचा एक मुलगा. थ्रीडी प्रिंट केलेलं हेल्मेट, पॉलिश पेपरने घासून आरशासारखं केलेलं, रंग तर असा की मी स्वतः दोनदा हात फिरवला. दुपारी मंडळी मासे खायला गेली. हेल्मेट गाडीत मागच्या काचेखाली, काचा बंद, बाहेर मे महिन्याचं ऊन. परत आला तेव्हा त्याचा एक कान खाली बसलेला, फसलेल्या इडलीसारखा. "काकी, काही होईल का?" काय होणार, बाबा? पीएलए, म्हणजे थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लॅस्टिक, साधारण 60 अंशांनाच नरम पडतं, आणि उन्हातल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. गरम पाण्यात धरून आम्ही तो कान थोडा सरळ केला, पण रंगाला सुरकुत्या पडल्या त्या पडल्याच. पीईटीजी हे दुसरं प्लॅस्टिक 80च्या आसपास तग धरतं, थोडं बरं. तरी माझं ऐकाल तर हेल्मेटला जेवायला बरोबर न्या. त्याला खुर्ची मागा.

घाम

माझा मामा दशावतारात स्त्रीपार्टी. जत्रेच्या दिवसांत रात्रभर लुगडं नेसून, टोप घालून उभा, आणि पहाटेही चेहरा शाबूत. तोंड स्वतःच रंगवतो. पहिल्यांदा मी जाड क्रीमचा निळा रंग थापून त्याला दाखवायला गेले, तर म्हणाला, "घाम येतलोच गो. तेका वाट दी." म्हणून आता रंग पातळ, वर पावडर, पुन्हा पातळ, पुन्हा पावडर. घाम आला की टिपायचा, पुसायचा नाही. कवचाला पाठीमागे आणि काखेत उघडी जागा सोडायची, आत सुती गंजी घालायची. चामड्याची दिसावी म्हणून रेक्झिनची पूर्ण पँट शिवून मे महिन्यात येणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांना खुर्ची देते आणि पाणी.

बाकीचं पटापट. नवे बूट कॉनच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. नकली केसांच्या टोपाला साधी इस्त्री लावली की तो वितळतो. लोखंडी तलवार आणू नका; कॉनच्या दारावर शस्त्रं तपासतात, आणि एसटीत कंडक्टर त्याहून कडक असतो. पूर्ण वेश घालून घरी एकदा जिना चढा, खाली बसा आणि बाथरूमला जाऊन या. हे शेवटचं कुणी करत नाही आणि मग चिलखत सोडवायला माझ्याकडे पळत येतं. कोकम सरबत प्या, पण पांढरा वेश असेल तर स्ट्रॉने.

आणि आईने शिवलेलं असेल तर आईचं नाव सांगा. 1939 साली न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन, म्हणजे विज्ञानकथावाल्यांचं जागतिक संमेलन, झालं तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन नावाचा चाहता भविष्यातल्या माणसाचा वेश करून गेला, ही गोष्ट सगळे सांगतात. तो वेश शिवला मर्टल जोन्सने, जिला मंडळी मोरोजो म्हणत. ती स्वतःही तसाच वेश घालून तिथे होती. तिचं नाव मात्र शोधावं लागतं.

संध्याकाळी फोटोला सगळे भाट्याच्या किनाऱ्यावर जातात. जा, उतरतं ऊन आणि ओली वाळू यांच्यासारखा उजेड नाही. फक्त वेल्क्रोत वाळू शिरली की तो मेला समजा, म्हणून तिथे मी बटणं लावते. घरी आल्यावर आयलेट, बकलं गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, खाऱ्या वाऱ्याने आठवड्यात गंजतात. आणि सावलीत वाळवल्याशिवाय काहीही प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. माझं ते पहिलं चिलखत मी आषाढात तसंच पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं होतं. गणपतीच्या साफसफाईला काढलं तर अस्तर आणि पट्टे हिरवेगार. छटा सुरेख होती, मला हाताने कधी जमली नसती.