कबड्डी मंडळासाठी प्रायोजक शोधताना या चुका टाळा

दिवाळी आटोपून कपाशीची पहिली वेचणी घरात आली, की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावागावांत कबड्डीच्या खुल्या सामन्यांची बोलणी सुरू होतात आणि त्याच सुमारास मंडळाची मुले पावतीपुस्तक घेऊन तालुक्याच्या बाजारपेठेत फिरू लागतात. गेली बावीस वर्षे मी आमच्या गावच्या मंडळाचा हिशेब सांभाळतो आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आसपासच्या मंडळांची मुलेही सल्ल्यासाठी घरी येतात, आणि दरवर्षी मला त्याच त्या चुका ऐकाव्या लागतात. मुले मेहनती असतात, मैदान नीट आखलेले असते, सामनेही रंगतात, आणि तरी दुसऱ्या वर्षी बाजारपेठेतला एकही दुकानदार त्यांना बसायला सांगत नाही. पहिल्या वर्षी आपल्या पैशाचे काय झाले, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. आपण वर्गणी आणि प्रायोजकत्व यांत फरक करत नाही. गणपतीची किंवा भागवत सप्ताहाची वर्गणी देणारा माणूस ती देवाच्या नावाने देतो आणि विसरतो. प्रायोजक मात्र आपल्या दुकानाचे नाव, आणि कित्येकदा घराण्याचेही नाव, चार दिवसांसाठी आपल्या हाती सोपवत असतो, आणि ते नाव आपण कसे वागवले हे तो पाहत असतो.

जूनमध्ये कृषी केंद्राची पायरी चढू नका

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. उन्हाळ्यात मुले मोकळी असतात, त्यामुळे उत्साहाच्या भरात ती मे-जूनमध्येच पैसे मागायला निघतात. मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रवाल्याची अवस्था काय असते, याचा त्यांनी विचार केलेला नसतो. त्याचे सगळे भांडवल त्या वेळी बियाण्यांच्या पाकिटांत आणि खतांच्या पोत्यांत अडकलेले असते, अर्ध्या गावाची उधारी वहीत चढत असते आणि कंपनीचा माणूस रकमेसाठी फोन करत असतो. अशा वेळी समोर उभ्या राहिलेल्या पाच मुलांना तो 'पाहू' म्हणतो. मुले त्या 'पाहू'ला होकार समजून परततात आणि जानेवारीत निराश होतात.

आपल्याकडे पैसा पिकाच्या मागोमाग चालतो. सोयाबीन ऑक्टोबरच्या सुमारास निघते, कापसाचे चुकारे दिवाळीनंतर हातात येऊ लागतात, तूर त्यानंतर येते, आणि कृषी केंद्राची वसुलीही याच क्रमाने होते. जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा, हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. गाड्यांच्या रांगा लागल्यावर जिनिंगमालकाला मान वर करायला सवड नसते, म्हणून त्याला हंगाम सुरू होण्याआधी भेटावे. सराफाचा आणि मंगल कार्यालयाचा काळ तुळशीच्या लग्नानंतरचा. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात, तर भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यात भाऊबीजेनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, मोसम उसळतो, त्यामुळे तिकडच्या मंडळांचे वेळापत्रक आमच्यापेक्षा वेगळे असायला हवे. माझी स्वतःची सवय अशी की पोळ्यानंतर एकदा नुसते भेटून येतो, पैशाचा विषयही काढत नाही, आणि पत्र नोव्हेंबरच्या मध्यावर देतो. ज्या वर्षी कपाशीवर बोंडअळी पडली किंवा सोयाबीन पावसात भिजले, त्या वर्षी मी आकडा आपणहून कमी करतो. दुकानदाराला आपल्यासमोर 'जमत नाही' असे म्हणायला लावू नये.

हे पत्रही हातात नेऊन द्यावे. मोबाइलवर एकच मजकूर चाळीस दुकानदारांना पाठवून देणारी मुले मला भेटतात, आणि उत्तर आले नाही म्हणून दुकानदारांनाच दोष देतात, याचे मला वाईट वाटते. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून दूरचित्रवाणीवरचा झगमगाट पाहून आपल्यालाही कुणी मोठी कंपनी उचलून धरेल, असे मुलांना वाटू लागले आहे. गावचे सामने गावच्या बाजारपेठेवर उभे राहतात, आणि तिथे माणूस समोर जाऊन बसावा लागतो. आमच्या पत्रात मी एक वाक्य नेहमी घालतो: अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक केले होते. जुने दुकानदार ते वाक्य वाचून थांबतात, आणि पुष्कळदा स्वतःच्या खेळण्याच्या दिवसांबद्दल बोलू लागतात.

नावाची चूक

इतर चुका पैशाने भरून निघतात, पण ही भरून निघत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी तालुक्याच्या बाजारपेठेतल्या एका हार्डवेअर दुकानदाराने वडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ पहिला चषक आणि त्यासोबतची रोख रक्कम देण्याचे कबूल केले. वडील त्याच वर्षी गेले होते. तरुणपणी ते स्वतः चढाई करणारे खेळाडू होते, त्यामुळे मुलाने ते अगदी मनापासून दिले होते. आमच्या एका उतावळ्या मुलाने वेळ वाचवण्यासाठी नावे फ्लेक्सवाल्याला फोनवरूनच सांगितली, फ्लेक्सवाल्याने ती गेल्या वर्षीच्या जुन्या आराखड्यात बसवली, आणि रात्री उशिरा छापून आलेला पंधरा फुटी फलक पहाटे कुणीही न वाचता बसस्टँडसमोर चढवला गेला. त्या फलकावर वडिलांच्या नावाआधी 'श्री' होते आणि मुलाच्या फोटोखाली, त्याच्या नावाआधी, 'कै.' होते.

बाहेरगावच्या नातेवाइकांचे फोन सकाळी सातलाच सुरू झाले. दुकानदाराची आई देवळातून परतत होती, तिने तो फलक पाहिला. मला कळले तेव्हा नऊ वाजले होते. दुकान बंद होते, म्हणून मी घरी गेलो. तो ओसरीवर बसला होता आणि आत बायकांचा आवाज येत होता. तो माझ्यावर ओरडला नाही. एवढेच म्हणाला, "गुरुजी, माही माय सकाळपासून जेवली नाही." मला त्या वेळी काय बोलावे ते सुचले नाही आणि आजही सुचत नाही. मी आत जाऊन त्या माउलीच्या पायांवर डोके ठेवले, मग मुलांना घेऊन बसस्टँडवर गेलो आणि फलक स्वतः उतरवला. संध्याकाळी पहिल्या सामन्याआधी मंचावरून मंडळाच्या वतीने माफी मागितली. चषक त्याने तरीही दिला, कारण शब्द दिलेला होता. त्यानंतर तीन वर्षे मात्र त्याने आमच्या मैदानावर पाऊल ठेवले नाही.

तेव्हापासून मी काही गोष्टी धरून आहे. फलकावर, चषकावर आणि पत्रिकेत जसे यायला हवे तसे नाव मी प्रायोजकाकडून त्याच्याच हस्ताक्षरात माझ्या वहीत लिहून घेतो, खाली सही घेतो. दिवंगत व्यक्तीचे नाव असेल तर घरातल्या आणखी एका माणसाला ते दाखवतो. फ्लेक्सवाल्याने तयार केलेला नमुना दोघांनी मोठ्याने वाचायचा, एकाने वहीतून आणि दुसऱ्याने पडद्यावरून, आणि त्याची प्रत प्रायोजकाने पाहून होकार दिल्याशिवाय छपाईला सांगायचे नाही. मुलांना हे सारे जाच वाटते. त्यांनी जाच मानला तरी चालेल, मी यात सूट देत नाही.

देता येईल तेवढेच कबूल करा

कबड्डीचे पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते. एका बाजूला मंच आणि पंचांचे टेबल आले, उरलेल्या तीन बाजूंना माणसे दाटीने बसतात, त्यामुळे फलक खरोखर दिसेल अशा जागा सहा-सात निघतात. तरीही मुले वीस दुकानदारांना 'मैदानावर बॅनर' कबूल करून बसतात, मग अर्धे फलक एकावर एक बांधले जातात आणि काही कडुलिंबाच्या मागे लपतात. मी आधी कागदावर मैदान काढतो, जागांना क्रमांक देतो आणि तेवढ्याच जागा देतो. बाकीच्यांना निवेदनातले नाव द्यावे. नियमाप्रमाणे 20-20 मिनिटांच्या दोन डावांमध्ये 5 मिनिटांची विश्रांती असते, आणि त्या वेळात शांतपणे घेतलेले दुकानाचे नाव गर्दीतल्या फलकापेक्षा जास्त माणसांच्या कानी पडते.

दोन कृषी केंद्रांना एकाच वेळी 'मुख्य प्रायोजक' म्हणू नये.

हातात न आलेले बक्षीस जाहीर करू नये. एका शेजारगावात 21,000 रुपयांचे पहिले बक्षीस पत्रिकेत छापले गेले, देणाऱ्याचे ऐन वेळी जमले नाही, आणि अंतिम सामना संपल्यावर विजेता चमू रात्री दोन वाजेपर्यंत मंचासमोर बसून राहिला. शेवटी गावातल्या दोघांनी उसने पैसे आणून रक्कम भरली. रोख बक्षिसाचे पैसे सामन्यांच्या आठ दिवस आधी मंडळाच्या खात्यात जमा झाले नसतील, तर मी पत्रिकेत आकड्याऐवजी 'आकर्षक रोख बक्षीस' एवढेच छापतो.

कागदपत्रांतला आळस

देणगीची पावती आणि जाहिरातीचे बिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मंडळे सरसकट पहिलीच फाडून देतात. दुकानदाराने नावाच्या प्रसिद्धीसाठी दिलेली रक्कम हा त्याच्या व्यवसायाचा जाहिरात खर्च असतो; त्यासाठी त्याला मंडळाच्या नावाचे, तपशील लिहिलेले बिल लागते. एका दिवसात एका व्यक्तीला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिले, तर तो खर्च प्राप्तिकरात मान्य होत नाही. म्हणून मोठी रक्कम धनादेशाने किंवा थेट मंडळाच्या खात्यातच घ्यावी. निव्वळ देणगी असेल आणि मंडळाकडे देणाऱ्याला करसवलत मिळवून देणारी, 80-जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता असेल, तर 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, हे त्याला आधीच सांगावे. यातले काहीही न सांगता पैसे घेणारी मंडळे मार्चमध्ये दुकानदाराच्या मुनिमाचे बोलणे ऐकतात.

मंडळाची नोंदणी नसेल तर सात सदस्य जमवून जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात ती करून घ्यावी. एखाद्या मुलाच्या वैयक्तिक खात्यात पैसे घेणे ही सर्वांत सोपी वाट आहे आणि भांडणाचीही तीच.

कुणी कंपनीचा 'सीएसआर', म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी खर्च करायचा निधी, मिळवून देतो म्हणाला, तर घाई करू नये. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, हे खरे. परंतु स्वतःच्या मालाची प्रसिद्धी व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरले जात नाही. वर्षभर मुलामुलींचे प्रशिक्षण चालवत असाल तर त्यासाठी जरूर अर्ज करा. तीन रात्रींच्या सामन्यांसाठी त्यामागे धावण्यात मंडळाचे सहा महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत.

कुणाचे पैसे घेऊ नयेत

या बाबतीत मी कुणाचेही ऐकत नाही. तंबाखूच्या जाहिरातीला आणि प्रायोजकत्वाला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. कायदा नसता तरी, ज्या गावात शाळेतल्या मुलांच्या खिशात खर्ऱ्याची पुडी सापडते त्या गावच्या मैदानावर मी ते नाव लागू दिले नसते. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे, आणि तरीही जिल्ह्याच्या हद्दीपलीकडच्या एका बारमालकाने 'फक्त हॉटेलचे नाव लावा' म्हणून आम्हाला मोठी रक्कम देऊ केली होती. मुले नाराज झाली. त्या वर्षी आम्ही मॅटशिवाय, मातीवरच खेळलो.

सगळा खर्च एकाच पुढाऱ्याकडून उचलणे हाही एक आडमार्ग आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की त्याचे फलक उतरवावे लागतात, आणि दुसऱ्या गटाचे दुकानदार कायमचे तुटतात.

विनापरवानगी चौकात किंवा विजेच्या खांबावर फलक लावू नयेत. मालमत्ता विद्रूपणाचा 1995 चा कायदा आहे, आणि ग्रामपंचायतीची परवानगी एका अर्जाने मिळते.

सामने संपल्यानंतर

इथे बहुतेक मंडळे झोपतात. चषक वाटून झाला, मंडप सुटला, की मुले पुढच्या नोव्हेंबरपर्यंत बाजारपेठेत दिसत नाहीत. आम्ही पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक प्रायोजकाकडे जातो. सोबत त्याच्या फलकाचा आणि त्याने दिलेल्या बक्षिसाच्या वितरणाचा फोटो असतो, आणि एका पानावर पूर्ण हिशेब असतो: कोणाकडून किती आले, मंडप, दिवे, पंचांचे मानधन, चमूंचे जेवण, औषधपेटी यांवर किती गेले. तोच कागद मारुतीच्या पारावर वाचून दाखवतो आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावतो. हार्डवेअरवाला चौथ्या वर्षी परत आला तो हाच कागद पाहून. त्याच्या गल्ल्यावरच्या काचेखाली आता आमच्या सलग चार वर्षांच्या हिशेबाची पाने आहेत, आणि वडिलांच्या नावाचा चषक पुन्हा सुरू आहे. शिल्लक राहिली तर तीही लिहितो. गेल्या वर्षी 640 रुपये उरले, त्यांतून मैदान आखायचा चुना आणि सुतळी आणली, आणि तेही त्या पानावर लिहिलेले आहे.