कुत्र्याला डे-केअरमध्ये ठेवावं का? कसं ठरवायचं?

सकाळी साडेनऊला गेटला कडी घालताना भुरी पुढचे दोन्ही पाय जाळीवर टेकवून बघत राहायची आणि माझा पाय निघायचा नाही. मी मिरजेला नोकरीला, नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत, मुलगी शाळा आणि क्लास उरकून साडेपाचला घरी. म्हणजे सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरात ती सात-आठ तास एकटी. कुणीतरी डे-केअर, म्हणजे दिवसभर कुत्री सांभाळणारी जागा, सुचवली आणि मी फारशी चौकशी न करता तिला नेऊन सोडलं. चौथ्या दिवशी तिचा आवाज बसला. पाचव्या दिवशी ती रिक्षातून उतरायलाच तयार होईना, सीटखाली अंग चोरून बसली. तिथल्या लोकांनी तिला मारलं, उपाशी ठेवलं असं काही नव्हतं. पण पंधरा कुत्र्यांच्या गलक्यात ती दिवसभर भिंतीला पाठ लावून भुंकत होती. हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आमच्या मागच्या गल्लीतला लॅब्रॅडॉर ब्रुनो मात्र त्याच जागी जायला उड्या मारत गाडीत बसतो. जागा तीच, कुत्री दोन आणि दोघांची उत्तरं वेगळी. आपल्या मनाला लागलेली टोचणी बाजूला ठेवून कुत्र्याला काय झेपतं ते बघायचं, एवढंच मला यातून कळलं. ते बघायचं कसं, ते सांगते.

पहिल्यांदा घरातलं बघा

जुना मोबाईल कपाटावर ठेवा, व्हिडिओ चालू करा आणि नेहमीसारखं घराबाहेर पडा. असं तीन-चार वेगवेगळ्या दिवशी करा. पहिला अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा, कारण एकटेपणाची खरी धास्ती असलेलं कुत्रं बहुतेक वेळा तेवढ्यातच अस्वस्थ होतं. दाराला नखं मारणं, सतत येरझाऱ्या, लाळ गळणं, थांबता थांबत नाही असं विव्हळणं, बाहेरची सवय असूनही घरात शी-शू करणं, ही त्याची लक्षणं.

मोठं कुत्रं दिवसाचे बारा ते चौदा तास सहज झोपतं. त्यामुळे व्हिडिओत ते सोफ्यावर पसरून घोरताना दिसलं तर तुमचा प्रश्न बराचसा सुटला. तुमच्या जिवाची घालमेल होत असेल, पण त्याला डे-केअरची गरज नाही. तीन तास झोपून उठल्यावर चपला फाडणारं कुत्रं कंटाळलेलं असतं. त्याला सकाळी जरा लांबचं फिरणं, वास घेत रमतगमत चालणं आणि डोकं लावून खायला मिळेल असं काहीतरी लागतं. पहिल्याच मिनिटापासून दार खरवडणारं कुत्रं घाबरलेलं असतं. डे-केअरमध्ये ते एकटं राहणार नाही, हे खरं. पण त्याला माणसं हवी आहेत, तीही आपली. अनोळखी कुत्र्यांनी ती जागा भरून निघेलच असं नाही. अशा वेळी आधी डॉक्टरांशी बोला आणि दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं असं एकटं राहायची सवय हळूहळू लावा. त्याला वेळ लागतो, पण ते होतं.

त्याला दुसरी कुत्री आवडतात का?

हा प्रश्न आपण विचारतच नाही. माणसांवर जीव टाकणारं कुत्रं कुत्र्यांवर टाकेलच असं नसतं. ओळखीच्या एखाद्या शांत कुत्र्याबरोबर मोकळ्या जागेत, पट्टा सैल धरून त्याला भेटवा आणि आवाजापेक्षा अंगाकडे लक्ष द्या. खेळायचं असलं की कुत्रं छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर करतं, अंग लवचिक असतं, वाकडंतिकडं पळतं. कधी हा मागे लागतो, कधी तो. मधेच दोघं थांबतात, अंग झटकतात आणि पुन्हा सुरू होतात. असं दिसलं तर चांगलं.

तोंडात खाऊ नसताना पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, झोप नसताना जांभया देणं, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, शेपूट पोटाशी घेणं हे सगळं ‘मला इथून न्या’ असं सांगणं आहे. आणि शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, असं धरून चालू नका. ताठ उभी शेपूट थोडीथोडीच थरथरत असेल आणि अंग दगडासारखं असेल, तर ती भांडणाआधीची तयारी असू शकते. भुरीची शेपूट त्या पहिल्या दिवशी अशीच होती. मी मात्र घरी फोन करून सांगितलं, ‘बघ, किती आनंदात आहे.’

वयाचाही फरक पडतो. पिल्लूपणी सगळ्यांशी खेळणारं कुत्रं एक ते तीन वर्षांच्या दरम्यान निवडक होत जातं. ते बिघडलेलं नसतं, मोठं झालेलं असतं. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला तरण्या कुत्र्यांच्या धक्क्यांत दिवस काढायला लावू नका. मादी हीटवर, म्हणजे माजावर असेल तर ते दोन-तीन आठवडे तिला घरीच ठेवा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला धावपळ आणि उन्हाळा एकत्र सोसत नाही.

लसीकरणाचं पुस्तक

इथे तडजोड नको. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या, संसर्गजन्य आजारांवरच्या पिल्लाच्या एकत्रित लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास. शेवटच्या डोसनंतर निदान दोन आठवडे जाऊ द्या, मगच डे-केअरचं नाव काढा. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांत एकमेकांकडून पसरणाऱ्या खोकल्यावरची लस घरात राहणाऱ्या कुत्र्याला बरेचदा दिलेली नसते, पण चार कुत्र्यांत जाणार असेल तर डॉक्टरांना तिच्याबद्दल मुद्दाम विचारा. जंताचं औषध आणि गोचिडांचं औषध वेळेवर हवं. गोचिडांतून येणारा ताप कुत्र्याला पार झोपवतो.

सांगलीकरांनी लेप्टोची लस चुकवूच नये. हा आजार उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून पसरतो, कुत्र्याचं यकृत आणि मूत्रपिंड निकामी करतो आणि माणसालाही होतो. दरवर्षी कृष्णेचं पाणी बघणाऱ्या गावाला याहून जास्त सांगायला नको.

जागा बघायला स्वतः जा

फोनवरच्या फोटोंवर जाऊ नका. आपल्याकडे डे-केअर म्हणजे कुणाचं घरगुती असतं, कुणाची मळ्यात शेड असते, तर कुणाचं मुळातलं बोर्डिंग, म्हणजे मालक गावाला गेल्यावर कुत्री मुक्कामाला ठेवायची जागा, दिवसापुरतंही कुत्रं ठेवून घेतं. यातलं कुठलंही चांगलं असू शकतं. भर दुपारी जा, कारण सकाळी सगळंच छान दिसतं.

गेल्या गेल्या तुमच्या कुत्र्याच्या लसीचं पुस्तक मागतात का ते बघा. तुमचं मागत नसतील तर बाकीच्यांचंही मागितलेलं नाही. तुमच्या कुत्र्याला काय आवडतं, ते कशाला भितं, असं आपणहून विचारतात का? ‘सोडा हो, होईल सवय’ एवढंच उत्तर मिळालं तर तिथूनच मागे फिरा.

मग मोजा. कुत्री किती आणि त्यांच्यात उभी असलेली माणसं किती. ऑफिसात बसलेलं माणूस यात धरू नका. एका माणसाने वीस कुत्री सांभाळणं म्हणजे राखण झाली, लक्ष देणं नव्हे. लहान आणि मोठी कुत्री वेगळी आहेत का? दुपारी दोन तास तरी प्रत्येकाला वेगळं, शांत पडता येतं का? दिवसभर नुसता खेळ ही जाहिरातीला बरी गोष्ट, पण सलग आठ तास उत्तेजित राहिलेलं कुत्रं शेवटी चिडतं आणि भांडणं तेव्हाच होतात. गेट दुहेरी हवं, म्हणजे एक उघडताना दुसरं बंद राहील. भांडण झालं तर काय करता, हे सरळ विचारा. ‘आमच्याकडे होतच नाहीत’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात एक झालं, आम्ही असं सोडवलं’ म्हणणाऱ्यावर माझा जास्त भरवसा बसेल.

आता आपल्या भागापुरतं.

छपराकडे बघा. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड ठेवतं. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०४ च्या पुढे गेलं की काळजीचं आणि १०६ म्हणजे जिवावरचं. पत्र्याची शेड असेल तर पंखे, कूलर, झाडाची सावली आणि लाइट गेल्यावरची सोय बघा. पाण्याच्या भांड्यात हात घालून पाहा. पाणी कोमट असेल तर ते सकाळपासून कुणी बदललेलं नाही.

मळ्यातली जागा असेल तर शेजारी काय पिकतं ते विचारा. तासगावकडे, कवठेमहांकाळकडे गेलात की द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड सगळीकडे. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे, मूत्रपिंड बंद पाडणारे. बेदाण्यात तर सगळं आटून घट्ट झालेलं असतं, म्हणून तो जास्तच धोक्याचा. कुणाला किती बाधतील याचा नेम नाही, एखाद्याला थोडेसेही पुरतात. त्यामुळे ‘आमचा मोती लहानपणापासून खातो, काही होत नाही’ हे ऐकून गप्प बसू नका. कुत्र्याने बेदाणे खाल्ले तर उलटी व्हायची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा, हे तिथल्या सांभाळणाऱ्याला माहीत हवं. बागेत औषध फवारतात त्या दिवशी कुत्री कुठे ठेवता, हेही विचारा. जेवण तिथेच मिळणार असेल तर कांदा-लसूण घातलेली आमटी-भाकरी नको, हे स्पष्ट सांगा.

जागा नदीच्या अंगाला असेल, म्हणजे हरिपूरकडे, कर्नाळ रोडला किंवा गावभागात, तर एक प्रश्न मी कधीच सोडणार नाही: पाणी वाढलं तर कुत्री कुठे हलवता? आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी असते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिलेत, त्यांना साखळीला बांधून राहिलेल्या जनावराचं काय होतं ते सांगायला नको. किती फुटांना कुत्री हलवणार, कुठे नेणार, गाडी कुणाची आणि मालकांना फोन कोण करणार, हे ठरलेलं असेल तर समोरचा माणूस चटकन सांगतो.

आधी अर्धा दिवस

पहिल्याच दिवशी सकाळी सोडून संध्याकाळी आणू नका. पहिल्यांदा दोन-तीन तास, गर्दी कमी असेल अशा वारी. मधला एखादा व्हिडिओ मागा, पण तुमच्यासाठी काढलेला नको. कोपऱ्यातून सहज टिपलेला हवा, ज्यात बाकीची कुत्रीही दिसतील.

खरी परीक्षा घरी आल्यावर. पाणी पिऊन, जेवून, गाढ झोपलं आणि सकाळी ताजंतवानं उठलं तर उत्तम. पण दमणं आणि खचणं यात फरक आहे. माझी चूक तिथेच झाली. भुरी घरी आली की धप्पकन पडायची आणि मला वाटायचं, खेळून दमली. झोपेत ती दचकत होती, हाक मारली तर कान हलत होते पण डोकं वर येत नव्हतं. जेवण तसंच पडलं होतं आणि शी पातळ झाली होती. बसलेला आवाज, घासलेली नखं, मानेच्या केसांखाली लपलेले ओरखडे, अंगावरून हात फिरवताना काढून घेतलेला पाय, हे सगळं त्याच रात्री तपासा. ओरखडा एखादा असतोच, पण तो त्यांनी आधी सांगितला होता का, हे महत्त्वाचं.

दुसऱ्या खेपेला त्या रस्त्याला वळताना कुत्रं काय करतं ते बघा. कान पुढे आणि नाक खिडकीबाहेर असेल तर ठीक. थरथर सुटली, लाळ गळू लागली, मांडीत तोंड खुपसलं, तर गाडी तिथूनच परत फिरवा. पैसे भरलेत म्हणून पुढे नेऊ नका.

आठवड्यातून किती दिवस?

रमलं तरी रोज नको, असं माझं मत. ब्रुनो मंगळवारी आणि शुक्रवारी जातो, मधले दिवस घरी झोपा काढतो आणि मजेत असतो. सहा दिवस एवढ्या गलक्यात फार थोडी कुत्री खुशीत राहतात.

आणि नाही रमलं, तर आपल्या गावाचा एक फायदा आहे. पुण्यातल्या माणसाला दुपारी घरी येता येत नाही, सांगलीत येता येतं. कुपवाड ते विश्रामबाग दुचाकीवर असं किती अंतर! घरातलं कुणी तरी एक वाजता अर्धा तास आलं, कुत्र्याला खाली फिरवून आणलं, तर आठ तासांचे चार-चार तास होतात. कुणालाच जमत नसेल तर ओळखीतलं, कुत्र्याची भीती नसलेलं माणूस बघा आणि त्याला रीतसर पैसे द्या, म्हणजे रोजचं येणं चुकत नाही. जाताना पोळीचे तुकडे जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून ठेवा. ते हुंगून शोधण्यात कुत्र्याची पंधरा-वीस मिनिटं जातात आणि मग ते आपसूक झोपतं.

भुरीचं आता असं आहे: एक वाजता शेजारच्या काकू आमची कडी काढतात. आधी गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी, मग भुरी त्यांच्याच ओट्यावर जाऊन पडते. काकू मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडतात आणि अधूनमधून चपलेच्या टोकाने तिची पाठ खाजवतात. मी सहाला येते तेव्हा ती उठून गेटपर्यंत येते, माझा हात हुंगते आणि परत ओट्यावर जाते.