राष्ट्राध्यक्षाने अर्थसल्लागार बदलले की बातमी कशी वाचायची

मी पिंपळगाव बसवंतला एका कांदा एक्स्पोर्टच्या शेडमधे कागदपत्रं बघतो. एलसी (म्हणजे मालाचे पैसे मिळतील याची बँकेची हमी), बिलं, कंटेनरचं बुकिंग वगैरे. २०२२ च्या आधी मला कोणी सांगितलं असतं की बाबा परदेशातल्या राष्ट्राध्यक्षाने कोणता सल्लागार काढला हे रोज वाचत जा, तर मी म्हटलं असतं आपल्याला काय करायचंय. आता वाचतो, आणि कसं वाचायचं ते इथे लिहितोय, कारण आपल्या नाशिक जिल्ह्याचा माल बाहेर जातो आणि त्याचे पैसे अशाच बातम्यांवर अडकतात.

सगळ्यात आधी एक कोरा कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा माणूस कोण बदलला, उजवीकडे लिहा निर्णय कोणता बदलला. आणि दोन्हीकडे तारीख टाकाच, तारखेशिवाय हा कागद काही कामाचा नाही.

बऱ्याचदा फक्त डावी बाजूच भरते. अमेरिकेत ६ डिसेंबर २००२ ला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अर्थमंत्री पॉल ओनील आणि आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे दोघांनाही एकाच दिवशी घालवलं. केवढी मोठी बातमी! पण उजवी बाजू बघाल तर ओनील यांचा आणखी करकपात करायला विरोध होता, ते गेले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात करकपातीचा कायदा झालाच, म्हणजे धोरण तेच राहिलं, नाही म्हणणारा माणूस तेवढा गेला. अशा वेळी आपण आपला हिशोब बदलायचा नाही.

कधी उलटं होतं, माणसं तीच राहतात आणि कल्पना विरोधकांकडून येते. आपल्याकडे २३ जुलै २०२४ च्या बजेटमधे इंटर्नशिपची योजना आली तेव्हा काँग्रेसने लगेच सांगितलं की हे आमच्याच जाहीरनाम्यातलं आहे. कोणाची खुर्ची हलली नाही.

आता श्रीलंका, हे मी जवळून बघितलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. तिथले विरोधक बरेच महिने ओरडून सांगत होते की डॉलर संपत आलेत, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे (आयएमएफकडे) कर्जासाठी जा. सरकार आणि सेंट्रल बँकेचे गव्हर्नर काब्राल म्हणत होते गरज नाही, आम्ही घरचं औषध करू. १६ मार्च २०२२ ला राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी टीव्हीवर भाषणात सांगितलं की नाणेनिधीसोबत काम करणार. आमच्या शेठना मी स्वतः ही बातमी वाचून दाखवली आणि शेठ म्हणाले चला सुटलो, भरा गाडी. आम्ही माल भरला, लाल जाळीच्या गोण्या, चांगला निवडलेला माल, आणि कोलंबोची पार्टी, म्हणजे आमचा माल घेणारा व्यापारी, म्हणे बँकेत डॉलरच नाहीत, थोडं थांबा. ते थोडं म्हणजे किती ते मी सांगत नाही, पण कंटेनर तिकडे उभा राहिला आणि उघडला तेव्हा गोणीच्या जाळीतून हिरवे कोंब बाहेर आलेले, पार्टीने फोटो पाठवला तो अजून माझ्या फोनमधे आहे. पैसे तुकड्या-तुकड्याने आले आणि कमीच आले.

चूक कुठे झाली तर मी उजवी बाजू भरली आणि डावी बघितलीच नाही. सरकारने कल्पना विरोधकांची घेतली पण ती ज्याला मान्य नव्हती तो गव्हर्नर खुर्चीवर तसाच होता. काब्राल यांनी राजीनामा दिला ४ एप्रिलला. नंदलाल वीरसिंघे यांनी ७ तारखेला सूत्रं घेतली आणि दुसऱ्याच दिवशी व्याजदर एका झटक्यात ७ टक्क्यांनी वाढवले, १२ तारखेला परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचं जाहीर झालं. सगळं पाच-सहा दिवसांत, आणि त्याच्या आधीचे तीन आठवडे नुसते गेले. म्हणून दोन्ही रकान्यांतल्या तारखांमधे किती दिवसांचं अंतर आहे ते मोजा, त्या अंतरात उधारीवर माल पाठवायचा नाही.

खुर्ची कोणती आहे तेही बघा. सल्लागार बोलतो, सही दुसऱ्याची असते. व्याजदर आणि डॉलर गव्हर्नरच्या हातात, कर आणि ड्युटी अर्थमंत्र्याच्या. नुसता सल्लागार बदलला तर मी पेन्सिलने लिहितो, गव्हर्नर बदलला तर पेनाने.

आणि विरोधकांची कल्पना उचलली असेल तर आपला माल त्यात येतो का ते शोधा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं बघा. विरोधी डेमोक्रॅट पक्षाचं बहुमत असलेल्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १९७० मधे राष्ट्राध्यक्षाला भाव आणि पगार गोठवायचा अधिकार दिला, निक्सन म्हणाले मी वापरणार नाही. मग १९७१ मधे त्यांनी जॉन कॉनली या डेमोक्रॅट माणसालाच अर्थमंत्री केलं आणि १५ ऑगस्ट १९७१ ला ९० दिवसांसाठी भाव गोठवले, वर आयातीवर १० टक्के जादा कर. त्या वेळी कच्चा शेतमाल यातून वगळला होता! हेडलाईनमधे हे कुठे दिसणार, आत वाचावं लागतं. १९७३ मधे परत भाव गोठवले तेव्हा कोंबडीचा भाव बांधलेला आणि खाद्य महाग, तर पोल्ट्रीवाल्यांनी पिल्लं पाण्यात बुडवून मारली. रस्त्यावर कांदा ओतताना ज्यांनी बघितलाय त्यांना हे समजावून सांगायला नको.

आपल्याकडचा रकाना पण सोबत ठेवा, नाहीतर तिकडे सगळं ठीक आणि इकडे ड्युटी असं होतं. ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरला बंदीच, ४ मे २०२४ ला बंदी उठली, १३ सप्टेंबरला शुल्क २० टक्क्यांवर आलं.

आणि लगेच त्याच महिन्यात श्रीलंकेत दिसानायके राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. नाणेनिधीच्या करारावर टीका करणारा पक्ष, म्हणून शेठ घाबरलेले, म्हणे आता परत तेच होणार का. मी तोच कागद काढला. डावीकडे बघितलं तर गव्हर्नर वीरसिंघेच, ट्रेझरीचे (सरकारी तिजोरीच्या खात्याचे) सचिवही तेच ठेवले, उजवीकडे बघितलं तर नवीन सरकारने नाणेनिधीचा कार्यक्रम चालू ठेवायचं सांगितलं. दोन्ही बाजू जुळत होत्या. मी शेठना कागद दाखवला, ते दोन मिनिटं बघत बसले, मग म्हणाले पार्टीला फोन लाव, एलसी उघडायला सांग.