पेट्रोल ब्लोअरचं झाकण उघडण्याआधी

वाळली पानं उडवायच्या ब्लोअरचा चोक कुठे, रेस कुठे, दोरी कशी ओढायची हे तुम्हाला येतं असं धरून लिहितो. नसेल येत तर दुकानदार दहा मिनिटांत शिकवतो. मी लिहितोय ते मला दुकानदाराने सांगितलं नव्हतं, ठेकेदाराने सांगितलं नव्हतं, आणि ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्यांनी तर उलटच सांगितलं. त्याची खूण माझ्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत आहे. उन्हात गेलो की ती जागा अजून चुरचुरते.

मी भुसावळकडचा. बारावीनंतर जळगावात एका हाउसकीपिंगच्या ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागलो. कॉलेजांची आवारं, सोसायट्या, हायवेलगतची लग्नाची लॉन्स, अशी कामं. फाल्गुनात कडुनिंबाने पानं टाकायला सुरुवात केली की झाडूवाल्या मावशी पुरत नाहीत, मग ब्लोअर निघतो. पाठीवर घ्यायचा, टू-स्ट्रोकचा, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारा. दोन दिवसांत हात बसला आणि मला वाटलं, काम आलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी लग्न होतं, लॉन संध्याकाळपर्यंत डेकोरेशनवाल्याच्या ताब्यात द्यायचं होतं. दुपारचे अडीच, पारा ४४ च्या आसपास. चाळीस मिनिटं ब्लोअर चालवला, बंद करून भिंतीशी ठेवला, पाणी प्यायलो. परत दोरी ओढली तर सुरू झाला, चार-पाच सेकंद चालला आणि घरघरून बंद पडला. परत ओढली, परत तेच. अगदी पेट्रोल संपल्यावर होतं तसं. आमचे उस्ताद लांबूनच ओरडले, "पेट्रोल सरी गयं व्हई, झाकन उघाडी देख!"

मी वाकलो आणि झाकण एका दमात फिरवून काढलं.

टाकीतून पेट्रोलचं कारंजंच उडालं. सांडलं नाही, उडालं. छातीवर, हातावर, हनुवटीवर आलं आणि बाजूच्या तापलेल्या सायलेन्सरवर पडलं. भप्प असा आवाज झाला. अंगात ठेकेदाराने दिलेला पॉलिस्टरचा टी-शर्ट होता, तो जळला कमी आणि वितळून कातडीला चिकटला जास्त. हिरवळीला पाणी देणाऱ्या माळीबाबांनी हातातला पाइप तसाच माझ्याकडे वळवला, म्हणून आज लिहितोय. दवाखान्यात आई एवढंच म्हणाली, "डोया वाचनात, बस." डोळे वाचले, एवढंच. नंतर कळलं की टाकीत अर्ध्याच्या वर पेट्रोल होतं.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. टाकीत अर्ध्याच्या वर पेट्रोल होतं, आणि यंत्र मात्र संपल्यासारखं वागत होतं. सगळा सापळा इथेच आहे, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो.

पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. त्यात हलके-जड बरेच घटक मिसळलेले असतात, आणि त्यातले सगळ्यांत हलके ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात. आपल्याकडे वैशाखात सावलीतच त्याहून जास्त तापमान असतं. त्यात यंत्र चालतं तेव्हा पंख्याचा वारा इंजिनाला थंड ठेवतो. तुम्ही ते बंद करून ठेवलंत की वारा थांबतो, पण इंजिनातली उष्णता कुठे जाणार? ती कार्बोरेटरमध्ये (पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) आणि शेजारच्या टाकीत शिरते. म्हणजे बंद केल्यानंतरची पहिली काही मिनिटं यंत्र आतून आणखी तापत असतं. नळीतलं आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून त्याचे बुडबुडे होतात. इंजिनाला पेट्रोलऐवजी वाफ मिळते आणि ते बंद पडतं. तुम्हाला वाटतं, संपलं.

त्याच वेळी टाकीतलं पेट्रोलही वाफ धरून असतं. झाकण घट्ट असल्यामुळे दाब वाढतो, आणि दाबाखाली असल्यामुळेच ते उकळत नाही. कुकरमधल्या पाण्यासारखं. तुम्ही झाकण एकदम काढलंत की दाब क्षणात जातो, अख्ख्या टाकीतलं पेट्रोल एकाच वेळी उकळतं आणि फेसासकट बाहेर उसळतं. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली असेल तर वर फेसाला जागाच नसते, म्हणून धोका आणखी मोठा. कुकरची वाफ न काढता घरात कुणी झाकणाला हात लावत नाही. लहान पोरालाही ते माहीत असतं. ब्लोअरच्या टाकीला शिट्टी नाही, म्हणून आपल्याला ते कळत नाही, एवढाच फरक.

म्हणजे ज्या उष्णतेने यंत्र बंद पडलं, तीच उष्णता टाकीत दाब करून बसलेली असते. नेमकं जेव्हा झाकण उघडून बघावंसं वाटतं, तेव्हाच ते उघडणं सर्वांत वाईट. हे मला अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाइलवर वाचून समजलं. अमेरिकेत जंगलातले वणवे विझवणारे लोक चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची करवत, वापरतात. त्यांच्यात असे अपघात झाल्यामुळे 'फ्युएल गीझर' या नावाने त्यांना हा धोका वेगळा शिकवला जातो. तिथे जवानांना शिकवतात आणि इथे पोराला "झाकन उघाडी देख" म्हणतात, याचा मला आजही राग येतो.

मग करायचं काय? यंत्र गरम असताना बंद पडलं तर झाकणाला हात लावायचा नाही. टाकीचं प्लास्टिक अर्धपारदर्शक असतं, बाहेरूनच पातळी बघा. दिसत नसेल तर भरलेली आहे असंच समजा. यंत्र सावलीत ठेवा, वाळलेल्या पानांच्या ढिगावर नको, मोकळ्या मातीवर किंवा फरशीवर. निदान वीस मिनिटं थांबा, वैशाखात अर्धा तास. सायलेन्सरजवळ तळहात नेऊन बघा, लावून नाही. धग लागत असेल तर आणखी थांबा. मग झाकण पाव वळसाच सैल करा, तोंड आणि छाती बाजूला ठेवून. फुस्स असा आवाज येईल. तो पूर्ण बसेपर्यंत झाकणावरचा हात हलवू नका. आवाज थांबल्यावरच पुढचा वळसा. कधी आवाजासोबत झाकणाच्या कडेने पेट्रोलचे थेंब यायला लागतात. तसं झालं तर लगेच परत घट्ट करा आणि आणखी थांबा.

आणि पेट्रोल भरलं तिथेच दोरी ओढू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती खाली जमिनीलगत पसरून राहते. यंत्र उचला, तीन मीटर, म्हणजे दहा फूट तरी लांब न्या, सांडलेलं पुसा, मग सुरू करा.

घाबरू नका. हे वाचून मशीन विकायला काढाल तर माझा हेतू फसला. मी स्वतः बरा झाल्यावर याच कामात परत आलो, आज माझे दोन ब्लोअर आहेत आणि पोट त्यावरच चालतं. सवय लागली की या सगळ्याला काही कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते वरच्या माणसाला "थांबा" म्हणायला.

म्हणून उस्तादांबद्दल माझं मत सांगतो, पटो न पटो. दुपारी बारा ते चार या वेळेत उन्हाळ्यात ब्लोअर चालवायला लावतो तो उस्ताद नाही, त्याला फक्त काम उरकायचं असतं. आपल्या भागात या यंत्राची वेळ सकाळी साडेसहा ते दहा-साडेदहा. पानं थोडी दमट असतात, धूळ कमी उडते, इंजिनही डोकं फिरवत नाही. "मी वीस वर्षं असंच करतोय" हे वाक्य ऐकलं की मी त्या माणसापासून शिकणं थांबवतो. वीस वर्षं त्याचं नशीब चांगलं होतं, त्यात मला शिकण्यासारखं काय? सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी बारीक जाळी काढून टाकली की यंत्राला जोर येतो, असं सांगणारे तर प्रत्येक गॅरेजला भेटतील. जोर येतो कारण ती जाळी काजळीने बुजलेली असते. साफ करून परत बसवा. वाळल्या पानांत फिरणारं यंत्र आहे, ठिणगी कुठे पडेल?

कपड्यांचं तर आपल्याला सांगायलाच नको, कापसाच्या मुलखातले आपण. सुती, पूर्ण बाह्यांचा सदरा. ठेकेदाराचा चकचकीत टी-शर्ट फोटोपुरता.

कापसावरून आठवलं. दिवाळीनंतर जिनिंगवाले, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे कारखानदार, बोलावतात, आवारातली उडालेली रुई ब्लोअरने एका बाजूला करून द्या म्हणून. पैसे बरे देतात. मी जात नाही. रुईचे तंतू पंख्याच्या जाळीत ओढले जातात, सायलेन्सरला चिकटतात, आणि शेजारी कापसाची गंजी उभी असते. तिथे झाडूच बरा. तुम्हाला काम मिळत नसेल, हप्ता तोंडावर असेल, तरीही नको.

पेट्रोल कशात आणता? पाण्याच्या बाटलीत आणत असाल तर आज बंद करा. टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं) मिसळल्यावर पेट्रोलला रंग येतो, हिरवा किंवा निळा, आणि उन्हातून आलेलं पोर सरबत समजून तोंडाला लावतं. असं झालंच तर उलटी करवायची नाही, तडक दवाखाना. पत्र्याचा किंवा पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन घ्या, काठोकाठ भरू नका, आणि पंपावर तो गाडीवर ठेवून न भरता जमिनीवर ठेवून भरा.

ऑइलचं प्रमाण पुस्तिकेत असेल तेच. ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. "अंदाजे एक झाकण" म्हणणाऱ्यांच्या मशीनचे पिस्टन मी जाम झालेले पाहिलेत. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बऱ्याच जुन्या यंत्रांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, रबराच्या नळ्या मऊ करतं. म्हणून मिश्रण आठवड्यापुरतंच करा, आणि महिन्यातून एकदा नळ्या बोटाने दाबून बघा. चिकट लागली की बदला. पाझरणारी नळी आणि गरम सायलेन्सर यांची गाठ पडली तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

कानांचं मात्र मी स्वतः उशिरा मनावर घेतलं. पहिली दोन वर्षं कापसाचे बोळे घालत होतो. त्याने काही होत नाही. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या नायोश या अमेरिकी संस्थेचा हिशोब असा: ८५ डेसिबलचा आवाज कानाला दिवसाला आठ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात, आणि मोठा ब्लोअर चालवणाऱ्याच्या कानाशी तेवढा आवाज सहज करतो. मला आता रात्री निजल्यावर कानात किर्र ऐकू येतं. ते जात नाही. इअरमफ पहिल्या पगारातून घ्या, मोबाइलचं कव्हर नंतर.

बाकीचं थोडक्यात. नळीच्या तोंडाची हवा ताशी २००-३०० किलोमीटर वेगाने निघते, त्यात खडा म्हणजे गोफणीतला दगड. गॉगल कायम, धुळीसाठी एन-९५ मास्क, आणि पन्नास फुटांत कुणी आलं, मूल असो की गाय, रेस सोडायची. बंद शेडमध्ये चालवायचा नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासही न देता माणसाला पाडतो. रावेर-यावलकडे केळीवर फवारणी केलेलं पॉवर स्प्रेयर कुणी "यानेही पानं उडतात" म्हणून देऊ केलं तर घेऊ नका, औषधाचा अंश उडून नाकात जातो. आणि अंगावर पेट्रोल उडालंच तर कपडे लगेच उतरवा, लाज नंतर. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं पाणी. टूथपेस्ट, तूप, शाई काही नाही. माझ्या हातावर कुणीतरी टूथपेस्ट थापली होती. ती काढताना जे झालं ते भाजण्यापेक्षा वाईट होतं.

यंदा माझ्याकडे पारोळ्याचा एक मुलगा आलाय, एकोणीस वर्षांचा. चैत्रात एका शाळेच्या आवारात साडेनऊला त्याच्या पाठीवरचं मशीन घरघरून बंद पडलं. मी लांब होतो. बघितलं तर त्याने ते उतरवून चिंचेच्या सावलीत मातीवर ठेवलं, चार पावलं लांब जाऊन पायरीवर बसला आणि डबा उघडला. कळण्याची भाकरी होती. शाळेचा शिपाई येऊन विचारून गेला, काम बंद का. तो म्हणाला, "मशीन तपेल शे, काका." अर्ध्या तासाने त्याने तोंड वळवून झाकण पाव वळसा सैल केलं. मला वीस फुटांवरून आवाज ऐकू आला. तो थांबला, आवाज बसू दिला, मग झाकण काढून आत बघितलं आणि मला बोटांनी खूण केली. अर्धी टाकी.

त्या दिवशी काम पावणेअकराला संपलं.