घोरणाऱ्या मुलाच्या झोपेचा व्हिडिओ कसा काढावा आणि रक्तदाब का मोजून घ्यावा

सर्दी नसतानाही मूल आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरत असेल, तर ते बालरोगतज्ज्ञांना सांगितलेच पाहिजे. त्यामागे स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वासमार्ग पुन्हा पुन्हा बंद पडण्याचा आजार, असू शकतो. मुलांच्या झोपेच्या तपासण्या करण्याचे काम मी अनेक वर्षे करते आहे. उशिरा आलेल्या मुलांच्या घरी "घोरतोय म्हणजे गाढ झोप लागली आहे" असे कुणीतरी मायेने सांगितलेले असते आणि त्या एका वाक्यापायी महिने निघून गेलेले असतात.

आधी दोन आठवडे कॅलेंडरवर घोरण्याच्या रात्रींची नोंद करा. रात्रीचा घाम, पुन्हा सुरू झालेले अंथरूण ओले करणे, सकाळची डोकेदुखी, दिवसभराची चिडचिड यांपैकी काही असल्यास तेही लिहा.

खरी अडचण व्हिडिओची आहे आणि मी स्वतः तिथेच चुकले. माझी मुलगी चार वर्षांची असताना, ती झोपल्यावर अर्ध्या तासाने, अंगावरची गोधडी तशीच ठेवून मी तिच्या चेहऱ्यापुरता व्हिडिओ काढला. त्यात मिटलेले डोळे दिसत होते आणि पंख्याची घरघर ऐकू येत होती. तेवढ्यावरून डॉक्टरांना काही कळणे शक्यच नव्हते. वाट पाहायचे ठरले आणि त्यात चार महिने गेले.

घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात ते स्वप्नांच्या झोपेत, आणि ही झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. म्हणून पहाटे 3 ते 5 च्या दरम्यानचा गजर लावा. झोप लागल्या लागल्या काढलेला व्हिडिओ बहुधा निरुपयोगी ठरतो. मच्छरदाणी बाजूला करा, पांघरूण कमरेपर्यंत खाली घ्या आणि बनियन वर सरकवून छाती व पोट उघडे ठेवा. दहा मिनिटे पंखा बंद करा, कारण श्वासाचा आवाज त्याच्याखाली पूर्ण बुडतो. दुसऱ्या फोनचा टॉर्च मुलाच्या तोंडावर न मारता भिंतीवर मारा. फोन हातात न धरता स्टुलावर टेकवून ठेवा आणि चेहऱ्यापासून बेंबीपर्यंतचा भाग सलग दहा मिनिटे, मध्ये न थांबवता, टिपा.

आता काय पाहायचे? घोरण्याच्या मोठेपणावर जाऊ नका. घोरणे एकाएकी थांबते, खोली शांत होते, पण पोट मात्र हलतच राहते. छाती आत ओढली जाते, गळ्याखालचा खड्डा खोल होतो आणि मग एक मोठा हिसका देऊन मूल कूस बदलते. ती शांतता म्हणजे आराम नव्हे, श्वासमार्ग बंद पडला आहे. मोठ्या माणसांत असा खंड किमान 10 सेकंदांचा धरतात. मुलांत दोन श्वासांइतका काळही पुरतो, त्यामुळे घड्याळ लावून दहा सेकंदांची वाट पाहू नका. मात्र व्हिडिओत काही दिसले नाही म्हणून आजार नाही असेही समजू नका. करोनाच्या काळात घेतलेल्या ऑक्सिमीटरने बोटावरचा आकडा चांगला दाखवला, तरी त्यावरूनही आजार नाही असे ठरत नाही. ओठ निळसर दिसले किंवा मूल जागे करताना नीट जागे होत नसेल, तर व्हिडिओ सोडून त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

या खंडांचा भार हृदयावर पडतो. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतील दाब फार खाली जातो, रक्तातील ऑक्सिजन घटतो आणि प्रत्येक हिसक्याबरोबर नाडी व रक्तदाब उसळतात. झोपेत रक्तदाब साधारण 10 टक्के किंवा अधिक उतरायला हवा. या मुलांपैकी काहींत तो तसा उतरत नाही. तीव्र आजार दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला, तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढून हृदयाच्या उजव्या बाजूला ताण सोसावा लागतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2021 मध्ये याच संबंधाविषयी सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले आहे.

म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर रक्तदाब मोजायला आग्रहाने सांगा, आणि पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचा आहे ना ते पाहा. मोठ्यांचा पट्टा लहान दंडावर आकडा खोटा कमी दाखवतो. "120/80 आहे, उत्तम" हे पाच वर्षांच्या मुलाबाबत साफ चुकीचे आहे, कारण मुलांचा रक्तदाब वय, लिंग व उंचीनुसार ठरवतात आणि त्या वयाला हा आकडा जास्त आहे.

पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञ टॉन्सिल व ॲडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) तपासतील आणि गरजेनुसार रात्रभराची स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, होईल. तोवर तोंडाला चिकटपट्टी लावणे किंवा झोप यावी म्हणून खोकल्याचे औषध पाजणे हे दोन्ही धोक्याचे उपाय कुणीही सुचवले तरी करू नका.

टॉन्सिल व ॲडेनॉइड काढण्याची शस्त्रक्रिया झाली की विषय संपला, असे वजन जास्त असलेल्या, आजार तीव्र असलेल्या किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांबाबत तर मुळीच मानू नका. त्यांची स्लीप स्टडी पुन्हा करावी लागते. बाकीच्यांनीही सुमारे दोन महिन्यांनी त्याच खोलीत, त्याच पहाटेच्या वेळी, त्याच स्टुलावर फोन ठेवून दहा मिनिटांचा व्हिडिओ काढावा आणि जुन्या व्हिडिओसोबत डॉक्टरांना दाखवावा.